पावण्याला घातलेली माती

आमच्या घरातला सर्वांत देखणा वेल न्हाणीघरात होता. दाराला लागून, पाण्याच्या बंबापासून हातभर अंतरावर. कोणी पाहुणा हात धुवायला आत गेला की बाहेर येऊन पहिल्यांदा त्याच्याबद्दल विचारायचा. पानं माणसाच्या पंजापेक्षा मोठी, गर्द हिरवी, जवळजवळ काळी, आणि अंगाला मखमलीसारखी. मधून पांढऱ्या शिरा. नवं पान यायचं ते तांबूस, गुंडाळलेलं, आणि उलगडायला चांगले आठ-दहा दिवस घ्यायचं. त्याचं नाव आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. घरात त्याला पावणं म्हणत.

हे पावणं माझ्या सासूबाईंचं. त्यांना मी आत्ती म्हणत असे आणि सासऱ्यांना मामा. आत्तींचं माहेर राधानगरीच्या बाजूला. त्यांना एकच भाऊ, तो एका बड्या घरी मोटार चालवायचा. त्या घरच्या मालकांना परदेशी झाडांचा नाद होता, त्यांच्यासाठी त्यांनी काचेची खोली बांधून घेतली होती. मालक गेले, मुलांनी ती खोली मोडली, झाडं कोणी कोणी उचलून नेली. भावानं या वेलाचा एक तुकडा ओल्या पोत्यात गुंडाळला आणि एसटीनं कोल्हापूरला बहिणीकडं आणून दिला. देताना सांगितलं, "ह्याला माती लावू नको. झाडाच्या खोडावर वाढणारी जात हाय. वाफ पायजे, ऊन नको."

आत्तींनी हे शब्दाला शब्द धरून पाळलं. एका फुटक्या रांजणाच्या बुडात त्यांनी बंबातले विझलेले कोळसे घातले, वर नारळाच्या शेंड्या. शेंड्यांना आमच्याकडं तोटा नव्हता, देवळाच्या वाटेवरचे नारळवाले पोत्यानं देत. मध्ये काथ्या गुंडाळलेला बांबू उभा केला. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की न्हाणीघर वाफेनं भरलेलं असे, भिंतींना घाम सुटलेला असे, आणि पावणं त्यात खूश असे. त्याची मुळं बांबूला धरून वर चढत, काही हवेतच लोंबत. आत्ती त्या लोंबत्या मुळांवर हातानं पाणी शिंपडायच्या. पानांना हात लावू द्यायच्या नाहीत. मखमल चोळली की डाग पडतो, म्हणायच्या.

मला झाडांचं काही कळत नव्हतं आणि वेळही नव्हता. घराच्या पुढच्या बाजूला आमचं मिरची कांडायचं यंत्र होतं, ते मी चालवायची. उन्हाळ्यात गल्लीभर बायका डबे घेऊन रांगेत. माझ्या कपड्यांना, केसांना, डोळ्यांना तिखट. मी संध्याकाळी न्हाणीघरात शिरले की आत्ती म्हणायच्या, "आधी भायेर झटक. पावण्याला शिंका येत्यात." त्या विनोद करत नव्हत्या. खरंच त्यांना तसं वाटायचं.

एकदा एका बंगल्यातल्या बाई मोटारीतून आल्या. फुलांच्या प्रदर्शनात बक्षिसं मिळवणाऱ्या. त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी वेल पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि एक फांदी मागितली. आत्ती म्हणाल्या, "पावण्याचा हात तोडून कोण देतं व्हय?" बाई हसल्या, चहा घेऊन गेल्या. मला तेव्हाही वाटलं की द्यायला हवी होती. ज्याच्याकडं एकच आहे त्यानं दुसऱ्याच्या घरी एक ठेवावं, म्हणजे वेळ आली तर मागता येतं. पण भावानं दिलेलं होतं, आणि तोपर्यंत भाऊ नव्हता.

त्याच्या जाण्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मामा वस्ताद होते. तरुणपणी स्वतः लढलेले, नंतर पेठेतल्या तालमीत पोरं तयार करायचे. तालमीच्या कुस्त्यांचं मैदान भरलं की आमचं घर म्हणजे लग्नघर असे. बाहेरगावचे पैलवान उतरायचे, मटणाची पातेली चढायची. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी असंच मैदान होतं, आणि आदल्या दिवशी आत्तींच्या गावाहून माणूस आला. भावाला सापानं डसलंय, बोलतोय अजून, बहिणीला बोलावतोय. आत्ती तशाच निघाल्या. मामा दारात म्हणाले, "उद्या मैदान हाय. पावणं जेवायचं हाईत. उद्या सांजच्याला मी सोताच घेऊन जातो." ते कठोरपणानं म्हणाले नव्हते. साप डसूनही जो बोलतोय तो वाचतोच, असं ते मानत, त्यांनी तशी माणसं पाहिली होती. आत्ती आत आल्या, भाकरी थापायला बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा त्यांना घेऊन गेले तेव्हा राख गोळा करायची तयारी चालली होती.

परत आल्यापासून आत्ती मामांशी बोलल्या नाहीत. भांडण नाही, रडणं नाही, स्वयंपाकात खंड नाही. पण बोलायचं असेल ते माझ्याकडं बोलायचं. "त्यास्नी सांग, पाणी तापलंय." मामा समोर उभे असले तरी. सुरुवातीला मामांनी थेट उत्तरं देऊन पाहिली. मग त्यांनाही सवय झाली. "सूनबाई, तुझ्या आत्तीला इचार, धोतर कुठं ठेवलंय." धोतर त्याच वेळी आत्तींच्या हातात असायचं. बाहेरच्याला हसू येईल, मलाही पहिली वर्षं यायचं. पुढं मी दोघांची वाक्यं पूर्ण ऐकायच्या आधीच पोचवायला लागले.

वेलावरही असंच चालायचं. मामा आंघोळ करून पंचा पिळत हवेत म्हणायचे, "ह्या घरात पावण्याला शेंड्या खायला घालत्यात." आत्ती मला म्हणायच्या, "त्यास्नी सांग, ज्यानं दिलं त्यानं सांगितलंय तसंच चाललंय." भावाचा उल्लेख आला की मामा विषय सोडून निघायचे. जाताना मात्र वेलाकडं एकदा बघून जायचे. मला वाटायचं त्यांना राग येतो. तसं नव्हतं हे पुढं कळलं.

सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांनी माझी नणंद दुसऱ्यांदा बाळंतपणाला आली असती, पण तिला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं. म्हणून आत्तीच तिच्याकडं गडहिंग्लजला गेल्या. निघताना गाठोडं काखेत घेऊन त्यांनी मला न्हाणीघरात नेलं. "तांब्याभर पाणी, ते बी एक दिसाआड. बंब रोज पेटीव, आंघोळीला कुणी असू दे नसू दे. दुसरं काय करू नको. मी येतो बारसं उरकून." मी हो म्हटलं. हे काही अवघड काम नव्हतं.

पहिले पंधरा दिवस ठीक गेले. मग एका दुपारी मी यंत्र बंद करून जेवायला आत आले, तर मामा न्हाणीघरासमोर अंगणात बसलेले. रांजण आडवा केलेला, शेंड्यांचा ढीग एका बाजूला, वेल ओल्या धोतरावर झोपवलेला. शेजारी घमेलं, त्यात लाल माती.

"मामा, हे काय चाललंय?"

"पावण्याचं अंथरूण बदलतोय. किती वरसं बिचारं कचऱ्यावर झोपलंय."

"माती घालायची नाही म्हणून आत्ती बजावून गेल्यात."

"तुझ्या आत्तीला माती म्हंजी परसातली ठावं. ही तसली न्हवं. हुंगून बघ."

त्यांनी मूठभर माती माझ्या नाकाशी धरली. हळदीचा वास, तेलाचा, आंबूस ताकाचा, थोडा कापराचा. तेव्हा मला कळलं की ती तालमीच्या हौद्यातली, कुस्ती खेळतात तिथली आहे.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. तालमीची माती म्हणजे जमीन नव्हे. ती बारीक चाळून आणतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर मिसळतात, फावड्यानं दिवसचे दिवस उलथतात. तिच्यात चपलेचा पाय पडत नाही. पैलवान उतरण्याआधी ती कपाळाला लावतो. ती अंगाला लागली की जखम चिघळत नाही, दुखरी पाठ मोकळी होते, असा सगळ्यांचा विश्वास. आणि आमच्या मामांच्या तालमीतून माती कधी बाहेर जात नसे. एका गूळ व्यापाऱ्यानं पोराच्या कंबरेसाठी बुट्टीभर मागितली होती, हात जोडून मागितली होती. मामांनी त्याला सांगितलं, "पोराला हितं पाठवा, लोळू द्या. माती कुठं जात न्हाय." व्यापारी वर्षभर रागावून होता.

ती माती मामा घमेल्यानं घरी घेऊन आले होते. डोक्यावरून, भर दुपारी, पेठेतून. वाटेत किती जणांनी पाहिलं असेल.

"आत्ती आल्यावर काय म्हणाल त्यांना?" मी विचारलं.

"म्या कशाला म्हणू? पान बघून कळंल की त्यास्नी." ते मुळांवरचा काथ्या एकेक तार करून सोडवत होते. मुसळासारखी बोटं, कुस्तीत मोडून वाकडी बसलेली, आणि तारा इतक्या हलक्या हातानं काढत होते की मी जेवायचं विसरून बघत उभी राहिले. "दाजिबाची वस्तू हाय," ते म्हणाले. मेव्हण्याला ते दाजिबा म्हणायचे, नातं उलटं करून, थट्टेनं. तो गेल्यापासून तो शब्द मी ऐकला नव्हता. "त्याचं काय आपल्या हातनं झालं न्हाय. ही तरी नीट वाढावी."

मी माती घालू नका असं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मलाही तेव्हा वाटलं की जी माती माणसांना उभं करते ती वेलाला काय वाईट करणार.

ती माती मैद्यासारखी बारीक. पाणी पडलं की दाबून बसते, वाळली की वीट होते. माणसानं रोज फावडं मारलं तरच ती मऊ राहते, हे वस्तादांइतकं कोणाला ठाऊक असणार. पण रांजणात फावडं मारता येत नाही, याचा विचार ना त्यांनी केला ना मी.

आठवड्याभरात खालचं पान पिवळं पडलं. मामा म्हणाले, जुनं पान हाय, जाणारच. मग दुसरं. मग नवं गुंडाळलेलं पान उलगडलंच नाही, तसंच टोकाकडून काळं होत गेलं. मामांनी खुराक वाढवला. पैलवानाला मार बसला की करतात तेच. दुधाचं पाणी घातलं. एक दिवस थंडाई घोटून उरलेला बदामाचा चोथा घातला. मुंग्या आल्या. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना घरातल्या कशात पडायची सवय नव्हती, तेसुद्धा म्हणाले, "दादा, आता त्याला मांडीवर घेऊन भरवा." मामा हसले नाहीत. त्यांनी तालमीत जायची वेळ पुढं ढकलली होती. सकाळी बंब पेटवून ते त्या वाफेत पाटावर बसून राहायचे.

खोड मातीजवळ पाणचट झालं तेव्हा मी मध्ये पडले. सुट्टीच्या दिवशी रांजण फोडला, कारण दुसऱ्या कशानं माती निघेना. आत मुळं उरलीच नव्हती, तपकिरी सालपटं होती, आणि नासक्या ताकाचा वास. वरचा जेवढा भाग कडक होता त्याचे मी विळीवर तीन तुकडे केले, राख लावली, डालड्याच्या डब्यात शेंड्या भरून त्यात खोचले आणि बंबाशेजारी ठेवले. मामा शेजारी उभे होते. "जगंल?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बघू. मला खोटं बोलून धीर देता येत नाही. त्या बंगल्यातल्या बाईंकडं एक फांदी असती तर त्या दिवशीच मागायला गेले असते.

आत्ती बारसं उरकून आल्या. मामा त्या दिवशी तालमीत गेले नाहीत. धुतलेला फेटा बांधून सोप्यावर बसले होते, जसे मैदानाच्या दिवशी बसायचे. आत्ती पाय धुवायला न्हाणीघराकडं गेल्या. दारात माती अजून तशीच ढेकळांनी पडली होती, मामांनी ती उचलू दिली नव्हती.

त्यांनी आधी रिकामी जागा पाहिली. मग डबा. मग खाली बसून एक ढेकूळ उचललं, फोडलं, हुंगलं.

"हळद हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा हुंगलं. त्यांना दुसऱ्यांदा हुंगायची गरज नव्हती. त्या वासाचे कपडे त्यांनी सगळं आयुष्य धुतले होते.

मामा मागं येऊन उभे राहिले होते. माझ्याकडं न बघता, सरळ आत्तींच्या पाठीकडं बघून ते म्हणाले, "चांगलं व्हावं म्हणून घातली. लई चांगली माती हुती."

इतक्या वर्षांनी ते थेट बोलले. आत्तींच्या हातातलं ढेकूळ हातातच होतं. त्यांची मान थोडी वळली, अगदी थोडी, मला त्यांचा गाल दिसला. मला वाटलं आता बोलतील, रागानं तरी बोलतील. शिवी दिली असती तरी मी देवापुढं साखर ठेवली असती.

मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यास्नी सांग, ही माती उकिरड्यावर टाकायची न्हाय. तालमीत न्हेऊन घाला म्हणावं."

"मामा, आत्ती म्हणतात..."

"ऐकलं म्या," मामा म्हणाले.

त्यांनी बुट्टी आणली. ढेकळं भरली, खालची भुकटी हातानं गोळा केली, वर स्वच्छ फडकं घातलं. गल्लीतला एक पैलवान धावत आला, "वस्ताद, द्या मी घेतो." मामांनी त्याला बाजूला सारलं आणि बुट्टी डोक्यावर घेऊन गेले. त्या रात्री ते जेवले, आत्तींनी वाढलं, आणि मी मधे बसून भाजी हवी का नको ते इकडून तिकडं सांगितलं.

तीन तुकड्यांतले दोन कुजले. एक धरला. पण तो पूर्वीचा वेल नव्हे. पान आलं ते विड्याच्या पानाएवढं, मखमल होती, शिरा होत्या, मोठं मात्र झालं नाही. आत्तींनी त्याला पावणं म्हटलं नाही आणि पाणीही घातलं नाही. "ते तुझं," मला म्हणाल्या. माझं कसलं? मामाच घालायचे, आंघोळ झाल्यावर, हातात पाणी घेऊन थेंब थेंब. आणि आत्ती स्वयंपाकघरातून बघत असायच्या. "त्यास्नी सांग, जास्त हुतंय पाणी." मी सांगायची. दुसऱ्या दिवशी मामा कमी घालायचे. पुढच्या दोन-अडीच वर्षांत दोघांमध्ये सगळ्यात जास्त बोलणं झालं ते या एका गोष्टीवर, आणि ते सगळं माझ्या तोंडून.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आत्तींनी त्यांचं सगळं केलं. माझ्यावर काही पडू दिलं नाही. मी नुसती आणून द्यायची. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, एवढ्या मोठ्या देहाची, त्या एकट्या करायच्या. आणि चमचा त्यांच्या ओठांशी धरून मला म्हणायच्या, "त्यास्नी इचार, आणखी दूध घेणार का." मी विचारायची. मामा डोळे मिटून उघडायचे. कोणाला उद्देशून ते मला कधी समजलं नाही. पावसाळा संपता संपता ते गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी सोप्यात मिरचीची देठं काढत बसलो होतो. मामांचा विषय नव्हता, कसलाच विषय नव्हता. आत्ती खाली बघूनच म्हणाल्या, "ती माती त्या माणसानं सख्ख्या भावाला दिली नसती."

"व्हय आत्ती."

"मला वासावरनंच कळलं हुतं. हातात घेतल्या घेतल्या."

मी मिरची खाली ठेवली. "मग तुम्ही बोलला का नाहीत? ते थेट बोलले होते तुमच्याशी."

त्यांनी मूठभर देठं सुपातून बाजूला केली. "तोंड उघडलं असतं तर भावाचं बी बोलाय लागलं असतं."

"बोलायचं होतं. दोन्ही बोलायचं होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते आता कळतंय." जणू मीच काही विचारलं होतं, तसं त्या पुढं म्हणाल्या, "मी म्हटलं, राहू दे आज. उद्या म्हणीन. म्हणता म्हणता त्यांची वाचाच गेली. मग म्हटलं, आता आपुन एकटंच बोलायचं, त्यास्नी जबाब देता येणार न्हाय, हे काय बरोबर न्हाय."

बाहेर एक बाई डबा घेऊन आली होती, हाका मारत होती. मी उठले. आत्ती म्हणाल्या, "जा तू, राहिलेली मी काढतो," आणि माझ्या पुढ्यातल्या मिरच्याही त्यांनी आपल्याकडं ओढून घेतल्या.